ठराव झाला, काम कुठे गेलं? सोसायटीची कामं आणि मिटिंगचा अजेंडा ॲपवर कसा बसवायचा

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीचं मिटिंगचं रजिस्टर उघडा. पहिला विषय ठरलेला असतो: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' शेवटचाही ठरलेला: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' मधल्या ओळींत गच्चीची गळती, लिफ्टचा करार, पार्किंग, थकबाकी. तीन महिने मागचं पान उलटलं, तर बहुतेक वेळा तेच विषय त्याच क्रमाने भेटतात. ठराव लिहिलेला असतो, सूचक-अनुमोदकांची नावं असतात, सह्या असतात. काम मात्र जागचं हललेलं नसतं.

मग समितीतलं कुणीतरी तरुण सुचवतं, 'आपण ट्रेलो घेऊ या, आमच्या ऑफिसात हेच वापरतात.' बाकीचे गोंधळतात. आधीच व्हॉट्सॲपचे तीन ग्रुप आहेत, गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीचं ॲप आहे, मेंटेनन्सच्या बिलाचं आहे. त्यात हे आणखी कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं, तर आधी ट्रेलोसारखं काम-नोंदीचं ॲप नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

शिंप्याची चिठ्ठी

शिंप्याकडे कापड दिलं की तो एक चिठ्ठी फाडतो. तिच्यावर नाव, माप, द्यायची तारीख, आणि 'खिसा आतून' वगैरे सूचना. ही चिठ्ठी तो कापडालाच टाचणीने लावतो. कापड कापणाऱ्याकडे गेलं, शिवणाऱ्याकडे गेलं, काजं-बटणाला गेलं, तरी चिठ्ठी सोबत जाते. मधला कुठलाही माणूस कापड उचलतो आणि त्याला सगळं कळतं.

काम-नोंदीच्या ॲपमध्ये या चिठ्ठीला कार्ड म्हणतात. एक काम, एक कार्ड. कार्डावर कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख, फोटो, कोटेशन आणि त्या कामाबद्दल झालेलं बोलणं असतं. कार्डं ज्या उभ्या रकान्यांत ठेवतात ती लिस्ट, आणि असे चार-पाच रकाने शेजारी शेजारी मांडले की झाला बोर्ड. काम पुढे सरकलं की कार्ड बोटाने ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं. एवढे तीन शब्द पुरतात.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात १९५० च्या दशकात कुठला सुटा भाग कधी हवा हे कळवायला कागदी कार्डं फिरवायला सुरुवात झाली. त्या पद्धतीला कानबान म्हणतात. त्या जपानी शब्दाचा अर्थच फलक. २०११ मध्ये आलेल्या ट्रेलोने हा फलक मोबाइलवर आणला.

व्हॉट्सॲपवर सगळं येतंच की

येतं, पण राहत नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे ठाणे स्टेशनवरची उद्घोषणा. त्या क्षणी फलाटावर होता त्याला ऐकू आली, पाच मिनिटांनी आला त्याला नाही. 'बी विंगच्या पंपाचा आवाज येतोय' हा मेसेज सकाळी सव्वाआठला पडतो, तेव्हा सचिव गाडीत उभे असतात. दुपारपर्यंत त्यावर दोन वाढदिवस आणि एक हरवलेली चावी येऊन बसते. संध्याकाळी पंप पाहायला जायचं कुणाच्याही लक्षात नसतं, आणि यात निष्काळजीपणा कुणाचाच नसतो.

शिवाय मेसेजला स्थिती नसते. तो वाचला गेला की नाही एवढंच कळतं. काम सुरू झालं का, कुणी घेतलं, कुठे अडलं, हे निळ्या खुणांवरून समजत नाही. ग्रुप बंद करायची गरज नाही. तक्रार तिथेच येऊ द्या. फक्त समितीतल्या एका माणसाने रोज रात्री दहा मिनिटं घेऊन ग्रुपमधल्या कामाच्या मेसेजचं कार्ड करायचं आणि ग्रुपवर 'नोंद घेतली' एवढंच लिहायचं. तीच तक्रार चार वेळा येणं त्या दोन शब्दांनी बरंच कमी होतं, कारण माणसाला आपलं म्हणणं कुणीतरी टिपून घेतलं हे कळलेलं असतं.

ठराव म्हणजे काम नव्हे

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम करून घेण्याचे सर्वानुमते ठरले.' हे वाक्य इतिवृत्तात अगदी बरोबर आहे. पण हे वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं? कुणालाच काही नाही. ठराव समितीची इच्छा सांगतो. कामाला तीन गोष्टी लागतात: एका माणसाचं नाव, एक तारीख आणि हाताने करता येईल अशी पहिली कृती. 'गच्ची' हे कामाचं नाव नाही, 'गच्चीचं काम बघणे' हेही नाही. 'गच्चीची पाहणी करायला तीन कंत्राटदारांना बोलावणे, खजिनदार, १५ फेब्रुवारीपर्यंत' हे काम झालं.

कार्डावर क्रियापद नसेल तर ते कार्ड हलत नाही. वाचणाऱ्याला दर वेळी नव्याने विचार करावा लागतो, आणि दिवसभर ऑफिस करून आलेला माणूस तो विचार उद्यावर टाकतो.

नावाच्या बाबतीत तर कठोर राहायला हवं. ॲप एका कार्डावर पाच जणांची नावं घालू देतं, म्हणून ती घालू नका. 'सगळ्यांनी मिळून बघू' असं ठरलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. मदतीला कितीही माणसं असू द्यात, विचारायचं कुणाला हे एकच नाव असावं. शिवाय ट्रेलोमध्ये तारखेची आठवण कार्डावर ज्याचं नाव आहे किंवा ज्याने ते कार्ड मुद्दाम 'वॉच'वर ठेवलं आहे त्यालाच जाते. नाव घातलंच नाही, तर तारीख लाल होते आणि फोन कुणाचाच वाजत नाही.

पाच रकाने, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा

सोसायटीच्या बोर्डाला पाच रकाने पुरतात: 'नवीन आलेलं', 'पुढच्या सभेत', 'चालू', 'बाहेर अडलेलं' आणि 'झालं'. ऑफिसातून आलेले लोक इथे आठ-दहा रकाने आणि पंधरा रंगांची लेबलं करतात. तो मोह टाळावा. कार्ड कुठे ठेवायचं याचा विचार करावा लागला, की माणूस कार्ड करणंच सोडतो.

'नवीन आलेलं' मध्ये कुणीही काहीही टाकावं, तिथे शहानिशा नको. 'चालू' वर मात्र मर्यादा हवी: एका माणसाकडे एका वेळी दोनच कामं. समितीतले सगळे नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. सचिवांच्या नावावर अकरा कार्डं चालू दिसत असतील, तर खरं म्हणजे एकही चालू नाही. तिसरं काम घ्यायचं तर आधीचं एक संपवायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं. मर्यादा घातली की कामाचं वाटप आपोआप बोलावं लागतं, आणि ते बोलणं एरवी कुणी काढत नाही.

आता 'बाहेर अडलेलं'. सोसायटीची निम्मी कामं समितीच्या हातात नसतातच. लिफ्ट कंपनीकडून सुटा भाग यायचाय. ठाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून फांद्या छाटायची परवानगी यायचीय. नवी मुंबईत असाल, तर जमीन बहुधा सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे काही कागद सिडकोकडे. उपनिबंधक कार्यालयात दिलेल्या अर्जाला उत्तर नाही. ही कामं 'चालू' मध्येच ठेवली तर समिती काहीच करत नाही असं दिसतं, आणि काढून टाकली तर ती कायमची विसरली जातात.

म्हणून त्यांना वेगळा रकाना, आणि त्यातल्या प्रत्येक कार्डावर तीन नोंदी: कुणाकडे अडलंय, शेवटचं विचारलं कधी, पुन्हा विचारायचं कधी. अर्ज दिला असेल तर आवक क्रमांकासह पोचपावतीचा फोटो कार्डालाच जोडायचा. या रकान्यातली तारीख काम संपण्याची नसते, पुढच्या फोनची असते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे बरेच बोर्ड दोन महिन्यांत लालेलाल होतात. महापालिकेची परवानगी १० मार्चला येईल अशी तारीख घालणं आपल्या हातात नाही. १० मार्चला वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारणं आहे.

एक कार्ड जवळून

गच्चीचंच घेऊ. ठाण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस धरतो, म्हणजे काम मेच्या मध्यापर्यंत आटोपायला हवं. कार्डाचं नाव: 'ए विंग गच्ची वॉटरप्रूफिंग, १५ मेपूर्वी पूर्ण करणे.' खाली वर्णनात दोन ओळी: कोणत्या फ्लॅटमध्ये ओल आहे, मागचं काम कोणत्या वर्षी झालं आणि त्याची हमी कधी संपली. ओलीचे फोटो जोडलेले.

त्याखाली चेकलिस्ट, म्हणजे खुणा करायची यादी. पाहणी. कामाचं स्वरूप एका पानावर लिहिणे. तीन कोटेशन. समितीत तुलना. खर्च समितीच्या मुभेपलीकडे असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी. वर्क ऑर्डर. काम. पाण्याची चाचणी. शेवटचा हप्ता. हमीपत्र.

यातली दुसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि त्यामुळेच पुढची मिटिंग फुकट जाते. कंत्राटदारांना नुसतं 'गच्चीचं कोटेशन द्या' म्हटलं, तर एक जण रासायनिक लेपाचा दर देतो, दुसरा जुना थर फोडून ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, करण्याचा, तिसरा कोपऱ्यातले वाटे (भिंत आणि गच्ची मिळते तिथली गोलाई) आणि पाइपाभोवतीचं काम वेगळं लावतो. तीन आकडे समोर येतात, पण ते तीन वेगवेगळ्या कामांचे असतात. समिती तासभर भांडते आणि सगळ्यात कमी आकडा निवडते. कामाचं स्वरूप आधी लिहिलं, म्हणजे किती चौरस फूट, कोणती पद्धत, उतार कुठे, हमी किती वर्षं, की मगच कोटेशनं एका तक्त्यात बसतात.

पाण्याच्या चाचणीचंही तसंच. गच्चीचे निचरे बंद करून पाणी साठवायचं, ४८ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरचे छत पाहायचं. कोबा केला असेल तर त्याआधी निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. म्हणजे 'काम' आणि 'चाचणी' यांच्यात दहा दिवस धरायला हवेत. चेकलिस्टमध्ये शेवटचा हप्ता चाचणीच्या खाली लिहिलेला असला, की खजिनदारांना कंत्राटदाराशी वाद घालावा लागत नाही. 'आधी ही खूण, मग चेक' एवढंच दाखवायचं.

अजेंडा वेगळा लिहायचाच नाही

सचिव मिटिंगच्या आदल्या रात्री आठवून आठवून विषयपत्रिका लिहितात. त्यामुळे जो शेवटी भेटला, जो जोरात बोलला, त्याचा विषय वर येतो. बोर्ड असला, की विषयपत्रिका म्हणजे 'पुढच्या सभेत' या रकान्यातली कार्डं. महिनाभर जे काम समितीच्या निर्णयाशिवाय पुढे जात नाही, ते त्या रकान्यात सरकवत राहायचं. मिटिंगच्या आधी क्रम लावायचा आणि छापायचं.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, व्यवस्थापन समितीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी, आणि तिची सूचना तीन पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे सूचनेचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून. रविवारी सकाळी सभा असेल, तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे मधले तीन. सूचना बुधवारपर्यंत गेलीच पाहिजे. म्हणून मंगळवारी रात्री रकाना बंद. त्यानंतर आलेलं कार्ड पुढच्या महिन्यात, खरोखरच पाणी-वीज-आग अशा प्रकारचं असेल तरच आयत्या वेळी. आयत्या वेळचे विषय वाढतात, कारण वेळेत विषय देण्याची जागाच कुठे ठरलेली नसते.

आता विषय लिहायचा कसा ते पाहा. नेहमीची विषयपत्रिका अशी असते: '१. गच्ची. २. लिफ्ट. ३. पार्किंग. ४. थकबाकी. ५. इतर.' तीच बोर्डावरून अशी निघते:

आढावा, १० मिनिटं: मागच्या सभेतली कार्डं. झाली, अडली की राहिली?

निर्णय, २० मिनिटं: गच्चीच्या तीन कोटेशनपैकी कोणतं घ्यायचं? तुलनेचा तक्ता जोडला आहे.

निर्णय, १० मिनिटं: लिफ्टचा देखभाल करार सुट्या भागांसकट करायचा की फक्त सर्व्हिसिंगचा?

चर्चा, १५ मिनिटं: पाहुण्यांच्या गाड्या रात्री कुठे लावू द्यायच्या? आज निर्णय नाही.

माहिती, ५ मिनिटं: थकबाकीच्या नोटिसा किती गेल्या, उत्तरं किती आली.

एक तास झाला. प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात आहे, आणि त्यापुढे निर्णय, चर्चा की माहिती हे लिहिलंय. ॲपमध्ये हे तीन प्रकार तीन रंगांच्या लेबलांनी दाखवता येतात. लेबलांचा एवढाच उपयोग पुरे. निर्णयाचे विषय वर ठेवायचे, कारण साडेअकरानंतर लोक उठायला लागतात. पार्किंग पहिलं ठेवलं, तर तासभर पार्किंगच चालतं. गाडी कुठे लावावी यावर प्रत्येकाला मत असतं. वॉटरप्रूफिंगची पद्धत दोघांनाच कळते, त्यामुळे लाखांचा विषय पाच मिनिटांत 'सचिव बघतील' वर संपतो. मिनिटं आधी छापलेली असली की अध्यक्षांना कुणाला थांबवताना वाईटपणा घ्यावा लागत नाही.

मिटिंग चालू असताना काय करायचं

सोसायटीच्या ऑफिसात टीव्ही असेल तर बोर्ड त्यावर लावा. नसेल तर एक लॅपटॉप मध्ये. एकाने बोलणं चालवायचं, दुसऱ्याने कार्डं. विषय संपला की निर्णय त्याच क्षणी कार्डाच्या कमेंटमध्ये एका वाक्यात लिहायचा, मोठ्याने वाचायचा, आणि नाव-तारीख घालून कार्ड 'चालू' मध्ये ओढायचं. यात एखादा मिनिट जातो. पण 'मी असं म्हटलंच नव्हतं' हा महिनाभराने होणारा वाद तिथेच मिटतो, कारण वाक्य सगळ्यांसमोर वाचलेलं असतं.

नाव घालताना कुणी पुढे आलं नाही, तर ते कार्ड 'चालू' मध्ये नेऊ नका. परत 'नवीन आलेलं' मध्ये ठेवा आणि इतिवृत्तात तसं लिहा. करायला माणूस नसलेलं काम 'ठरलं' म्हणून लिहिण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे.

वर्षाच्या तारखा उलट्या मोजा

काही कामं दर वर्षी त्याच वेळी येतात आणि तरीही दर वर्षी अचानक आल्यासारखी वाटतात. त्यांची कार्डं एकदाच करून ठेवावीत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत. स्ट्रक्चरल ऑडिट आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरची असेल तर तीन वर्षांतून एकदा; वर्तकनगर-नौपाड्यातल्या जुन्या इमारतींनी आणि वाशी-नेरूळच्या सुरुवातीच्या सेक्टरांनी हे कार्ड आजच करावं. टाक्यांची सफाई, इमारतीचा विमा, लिफ्टची तपासणी, वॉचमनचा करार ही त्यात भर. ट्रेलोमध्ये ठरावीक तारखेला कार्ड आपोआप तयार करणारं ऑटोमेशन आहे, तेवढं बसवून घ्या.

वार्षिक सभेचं कार्ड शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावं लागतं. २०२६ चं उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गणपतीत सभेला गणसंख्या जमवणं अवघड, आणि विसर्जनानंतर ३० तारखेपर्यंत फारसे दिवस उरत नाहीत. म्हणून रविवार, ६ सप्टेंबर धरा. सूचना १४ पूर्ण दिवस आधी हवी, म्हणजे शनिवार, २२ ऑगस्टपर्यंत प्रत्येक सभासदाकडे पोचलेली. तिच्यासोबत ताळेबंद आणि अहवाल जायचे, तर समितीने ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मंजूर करायला हवेत. त्याआधी लेखापरीक्षण, त्याआधी हिशेब. अशी पाच कार्डं, प्रत्येकाला आपली तारीख. एकच 'एजीएम, ६ सप्टेंबर' असं कार्ड केलं तर ते १ सप्टेंबरपर्यंत शांत बसून राहतं, आणि तोवर नोटिशीची तारीख उलटून गेलेली असते.

समितीतल्या ज्येष्ठांना हे जमेल का?

सगळ्यांनी ॲप वापरायची गरजच नाही. बोर्ड दोघांनी चालवावा, सचिव आणि आणखी एक. बाकीच्यांना दर रविवारी बोर्डाचा स्क्रीनशॉट समितीच्या ग्रुपवर, आणि ज्यांना कागद बरा वाटतो त्यांना एक प्रिंट. ज्येष्ठ सभासदांकडे इमारतीची वीस वर्षांची आठवण असते: कुठली पाइपलाइन कुठून गेली, कुठल्या कंत्राटदाराने कसं काम केलं. ती फोनवर विचारून कार्डावर उतरवून घ्यावी. त्या माहितीइतकी मोलाची नोंद बोर्डावर दुसरी होणार नाही.

मग एक्सेल किंवा वही पुरणार नाही का?

वीस-पंचवीस फ्लॅटची सोसायटी, एका वेळी दहा-बारा कामं, तर नक्की पुरेल. गूगल शीटमध्ये पाच रकाने करा: काम, कोण, कधीपर्यंत, स्थिती, शेवटची नोंद. वर सांगितलेलं बाकी सगळं तिथेही लागू होतं. शीट कमी पडते ती कामं तीसच्या वर गेली, फोटो-कोटेशनं जोडावी लागली आणि दोन-तीन माणसं एकाच कामावर बोलू लागली की.

ॲप कोणतं यावर फार वेळ घालवू नये. बोर्ड हवा तर ट्रेलो. मोफत वर्कस्पेसला, म्हणजे आपले बोर्ड आणि माणसं एकत्र ठेवायच्या ॲपमधल्या जागेला, सदस्यांची मर्यादा दहाची आहे, ती समितीला बहुधा पुरते. नुसती सामायिक यादी हवी तर मायक्रोसॉफ्ट टू डू, त्यात यादी वाटून कामावर नाव घालता येतं. गूगल टास्क्स स्वतःपुरतं छान आहे, समितीसाठी नाही.

ॲप कायद्याने चालतं का? आणि उद्या बंद पडलं तर?

बोर्ड हे कामाचं साधन आहे, दप्तर नव्हे. सभेचं इतिवृत्त पुस्तकात लिहायचं, सह्या घ्यायच्या, सूचनाफलकावर नोटीस लावायची, यातलं काहीही सुटत नाही. फक्त इतिवृत्त लिहिणं सोपं होतं, कारण निर्णयाची वाक्यं आधीच कार्डांवर तयार असतात.

ॲप बंद पडतात हे खरं आहे. वंडरलिस्ट नावाचं यादीचं ॲप लाखो लोक वापरत होते. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. म्हणून दर तीन महिन्यांनी बोर्डाची प्रिंट काढून फाइलला लावावी. कोटेशन, वर्क ऑर्डर, पावत्या यांची मूळ प्रत कार्डावर टाकून विसरू नये. ती सोसायटीच्या फाइलमध्ये, कार्डावर तिचा फोटो.

आणि एक काळजी. ट्रेलोचा बोर्ड खासगी, वर्कस्पेसपुरता किंवा सार्वजनिक ठेवता येतो. तो खासगीच ठेवा. थकबाकीदारांची नावं, फोन नंबर, भाडेकरूंचे कागद बोर्डावर घालूच नका. कार्डावर 'थकबाकीची नोटीस, ४ फ्लॅट' एवढं पुरतं, यादी खजिनदारांच्या फाइलमध्ये. कार्डाचा स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर फिरेल हे आपल्या हातात राहत नाही.

बोर्ड मरतो तो कशाने

बहुतेक बोर्ड तिसऱ्या महिन्यात थंड पडतात. पहिलं कारण, प्रत्येक कार्डावर उगाच तारीख. सगळंच लाल झालं की लालला अर्थ उरत नाही. सभेत ठरलेल्या आणि उशिराने खरंच नुकसान होणाऱ्या कामांनाच तारीख घाला, 'नवीन आलेलं' मधली बाकी कार्डं बिनतारखेची राहू द्या. दुसरं कारण, 'झालं' चा ढिगारा. महिन्याच्या मिटिंगमध्ये तो रकाना वाचून दाखवा, मग कार्डं आर्काइव्ह करा, म्हणजे बोर्डावरून काढून साठवून ठेवा. डिलीट करू नका, पुढच्या वर्षी लिफ्टवाल्याचा मागचा दर शोधायला तीच लागतात. तिसरं, फेरी न मारणं. दर शनिवारी वीस मिनिटं: 'बाहेर अडलेलं' मधले फोन कोणते करायचे ते पाहणं, 'चालू' मधल्या प्रत्येकाला एक मेसेज, 'नवीन आलेलं' मधलं नको ते काढणं. ही फेरी एका माणसाच्या नावावर असू द्या, आणि तो गावी गेला तर कुणी घ्यायची तेही ठरवून ठेवा.

चौथं कारण निवडणुकीनंतर कळतं. बोर्ड सचिवांच्या खासगी ईमेलवर उघडलेला असतो, समिती बदलते, आणि नव्या समितीला सगळं पहिल्यापासून गोळा करावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच सोसायटीच्या नावाने वेगळं ईमेल खातं काढा आणि बोर्ड त्यावर उघडा. ॲडमिन दोन ठेवा. समिती बदलेल त्या दिवशी रजिस्टर आणि चेकबुकाबरोबर बोर्डही सुपूर्द करा: जुने सदस्य काढा, नवे घाला, पासवर्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदला, चालू असलेल्या प्रत्येक कार्डावर नवं नाव घाला, आणि त्या दिवशीच्या बोर्डाची प्रिंट दोन्ही सचिवांच्या सहीने दप्तरात लावा.